फॉर्मवर तिच्यासाठी वेगळी ओळ ठेवा : स्थलांतराच्या अभ्यासकांना खुले पत्र

प्रति,
स्थलांतर, लिंगभाव आणि सामाजिक समावेशन या विषयांवर काम करणारे प्राध्यापक, पीएच.डी.चे विद्यार्थी आणि त्यांचे मार्गदर्शक यांस,

स. न. वि. वि.

२०१९ साली बीडमधल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली आणि तेव्हापासून ऊसतोडीच्या अभ्यासाला सुगी आली. डिसेंबर-जानेवारी उजाडला की कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर या पट्ट्यात कारखान्यांच्या आसपासच्या कोप्यांवर, म्हणजे तोड कामगारांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, प्रश्नावल्या येऊ लागतात. याबद्दल तक्रार नाही. विषय विद्यापीठांत पोचला, २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं वृत्तपत्रातल्या लेखावरून स्वतःहून दखल घेतली, हे चांगलंच झालं. पण हाती येणारे प्रबंध आणि अहवाल वाचताना एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. ती इतकी मुळाशी आहे की तिच्यावर रचलेलं पुढचं सगळं तिरपं होतं. कारखान्याचा हिशेब बाईला वेगळं धरत नाही आणि तुमचा फॉर्मही धरत नाही.

ऊसतोडीचं एकक आहे कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, मजुरी टनावर. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी (मजुरांची टोळी आणणाऱ्या कंत्राटदाराशी), मुकादमाचा करार नवऱ्याशी, आणि स्टॅम्पपेपरवर सही नवऱ्याची. मुलगा किंवा भाऊ सोबत असेल तर त्याचं नाव तरी कुठेतरी लागतं. बाईचं नाव या साखळीत एकाही कागदावर नसतं. संशोधक कारखान्याच्या शेतकी विभागाकडे महिला कामगारांची यादी मागतात, ती मिळत नाही, आणि मग प्रबंधाच्या मर्यादांच्या प्रकरणात ‘महिला कामगारांची स्वतंत्र नोंद उपलब्ध होऊ शकली नाही’ असं एक वाक्य पडतं. अहो, ती तुमच्या अभ्यासाची मर्यादा नाही. तो तुमचा पहिला निष्कर्ष आहे. तो मर्यादांमधून काढा आणि पहिल्या प्रकरणात आणा.

नाव शोधायचंच असेल तर ते गावाकडे सापडतं. ग्रामसेवकाकडची ऊसतोड कामगारांच्या ओळखपत्रांची नोंद, आशाताईंचं रजिस्टर, अंगणवाडीतलं माता-बाल संरक्षण कार्ड, शाळेकडची हंगामी वसतिगृहाची यादी आणि मुलांना दिलेली शिक्षण हमी कार्डं, रेशनकार्ड. हे पाच कागद एकमेकांशी ताडून पाहिले की गावातून कोण गेलं, कोण मागं राहिलं याचा बऱ्यापैकी नकाशा तयार होतो. ओळखपत्राच्या यादीत फक्त पुरुष दिसले तर तिथे थांबू नका. त्याच घरची बाई आशाताईंच्या वहीत ‘स्थलांतरित’ म्हणून हटकून सापडेल.

दुसरी गफलत मजुरीच्या हिशेबात होते. २०२४ च्या जानेवारीतल्या करारानं तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. चांगला हात असलेला कोयता दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडतो. दोन टन धरले तर ७३२ रुपये. इथे बहुतेक जण दोनानं भागतात आणि ‘महिलेची दैनंदिन मजुरी ३६६ रुपये’ असं लिहून मोकळे होतात. त्या ३६६ रुपयांसाठी तिचे तास किती गेले, हे विचारल्याशिवाय या आकड्याला काही अर्थ नाही.

पहाटे तीन-चारला उठून पाणी, चूल, दोन वेळच्या भाकरी. उजाडायच्या आत फडात. तो तोडतो, ती पाचट सोलते, उसाच्या कांड्या गोळा करते, वाढ्यानं मोळी बांधते, उचलून गाडीपाशी नेते. डोकी सेंटर असेल तर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. कोपीवर परत आल्यावर तो टेकतो, ती पुन्हा चुलीपाशी. ट्रक रात्री अकराला आला तर भरणीसाठी दोघंही परत फडात. त्याचे बारा तास होतात तिथे तिचे सोळा-सतरा. तीनशे सहासष्ट भागिले बारा म्हणजे तासाला साडेतीस रुपये. भागिले सतरा म्हणजे साडेएकवीस. एकाच कोयत्यात दोन वेगळे दर निघाले. ‘समान कामाला समान वेतन’ यावर पानंच्या पानं लिहिणाऱ्यांनी ही भागाकाराची एक ओळ तरी करावी.

त्यासाठी चोवीस तासांची नोंद दोघांची वेगवेगळी घ्या, आणि ती ‘साधारणपणे तुम्ही काय करता’ अशी न विचारता ‘काल काय केलं’ अशी विचारा. घड्याळाच्या वेळा विचारल्या की लोक अदमासे सांगतात. खुणांवर विचारा: कारखान्याचा सकाळचा भोंगा झाला तेव्हा तुम्ही कुठे होतात, पहिली एसटी गेली तेव्हा भाकरी झाल्या होत्या का, ट्रक भरून निघाला तेव्हा चूल पेटली होती की विझली होती. भोंग्याची आणि एसटीची वेळ तुम्ही नंतर भरू शकता. तोडीचा दिवस आणि रात्रीच्या भरणीचा दिवस, असे दोन्ही घ्या. शक्य असेल तर डिसेंबरात एकदा आणि मार्चमध्ये एकदा. थंडीत आणि उन्हाच्या तडाख्यात पाण्याच्या खेपा सारख्या नसतात.

डोकी सेंटर, टायरगाडी आणि बैलगाडी यांना एका रकान्यात कोंबू नका. बैलगाडीवाल्यांच्या पैशात वाहतूकही असते, त्यामुळे त्यांची रक्कम मोठी दिसते. पण त्यातून बैलांचा खर्च जातो, आणि पेंड, पत्री (बैलांचे नाल), बैल आजारी पडला तर डॉक्टर हे सगळं कुटुंबाच्या अंगावर येतं. नवरा गाडी घेऊन कारखान्यात गव्हाणीपुढच्या, म्हणजे ऊस उतरवायच्या जागेपुढच्या, रांगेत रात्र काढतो तेव्हा कोपीवर बाई लेकरांसह एकटी असते. सुरक्षिततेचे प्रश्न विचारताना हा फरक कळीचा आहे. तिन्ही प्रकारांची सरासरी काढलेली तक्ते आम्ही पाहिली आहेत. त्या सरासरीत कुणीच बसत नाही.

आता उचल. प्रश्नावलीत ती बहुधा ‘कर्ज’ या शीर्षकाखाली येते: रक्कम किती, व्याज किती. लोक ‘व्याज नाही’ म्हणतात आणि तुम्ही ‘बिनव्याजी’ लिहिता. उचलीचं व्याज दरात आणि दिवसांत वसूल होतं. पाच गोष्टी वेगवेगळ्या विचारल्याशिवाय ते दिसत नाही. उचल किती हप्त्यांत आली आणि पहिला हप्ता कधी (पावसाळ्यात घरात दाणा नसताना घेतलेल्या पैशांची बोली आणि दसऱ्याला घेतलेल्याची बोली यांत ताकद सारखी नसते). पैसे कशावर गेले. हंगामात टन किती पडले आणि ते कुणी लिहून ठेवले. आठवड्याची खर्ची किती मिळाली. आणि खाडे किती धरले. आजारपणामुळे किंवा पाळीच्या त्रासामुळे बाई एक दिवस फडात गेली नाही तर अनेक टोळ्यांत पाचशे रुपये किंवा त्याहून जास्त खाडा लागतो. त्या दिवशीची मजुरी बुडते ती वेगळीच.

हिशेब मांडून पाहा. प्रत्यक्ष तोडीचे १४० दिवस आणि रोज पावणेदोन टन धरले तर २४५ टन होतात, म्हणजे ८९,६७० रुपये. लाखाची उचल यात फिटत नाही, आणि अजून खर्ची व खाडे वजा व्हायचेच आहेत. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, जी बाकी उरते ती पुढच्या वर्षीच्या करारावर चढते. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याशी हे कुठे जुळतं, याचा निवाडा तुमच्यातल्या कायद्याच्या अभ्यासकांनी जरूर करावा. पण त्याला लागणारा पुरावा ‘कर्ज : होय / नाही’ या चौकटीतून कधीच मिळणार नाही. आणि एक राहिलं: उचल ठरताना बाई हजर होती का, रक्कम तिला कुणी सांगितली का, हा प्रश्न सहावा. याचं उत्तर नवऱ्याला विचारू नका.

बाकी राहिली तर मुकादम दारात येतो तेव्हा दारात कोण असतं, तेही विचारा. बहुतेकदा तीच असते.

शेतावर येऊन मुलाखत घेणाऱ्यांशी थोडं स्पष्ट बोलायला हवं. ती मोळ्या बांधायची थांबली की तोही थांबतो. तासभराची मुलाखत म्हणजे कोयत्याचा तासाभराचा ऊस, म्हणजे साठ रुपयांच्या घरात. दहा बायकांना दुपारभर गटचर्चेला बसवलं तर दहा कोयते बंद पडतात, भरणीला उशीर होतो, आणि मुकादमाची बोलणी त्यांनाच खावी लागतात. संस्थेच्या नैतिकता समितीला मोबदला म्हणजे आमिष वाटतं. बुडालेल्या मजुरीची भरपाई हे आमिष कसं, हे त्या समितीपुढे मांडणं तुमचं काम आहे. आणि भरपाई द्याल ती तिच्या हातात द्या.

लांब मुलाखतींना फड ही जागाच नव्हे. मे आणि जूनचा पूर्वार्ध हा त्यांचा काळ: लोक गावात असतात, पेरणी लागलेली नसते, मुकादम डोक्यावर नसतो. उचलीचा अभ्यास ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गावात करावा, कारण बोली तेव्हा चालू असते. हंगामात फडावर आणि कोपीवर निरीक्षण करा, चोवीस तासांची नोंद घ्या, मोजमापं घ्या. आयुष्याची कहाणी विचारू नका. शोधप्रकल्पाचं वेळापत्रक विद्यापीठाच्या सत्रावर बेतलेलं असतं हे आम्हाला कळतं. त्यामुळेच निम्मे अभ्यास ख्रिसमसच्या सुट्टीत होतात.

कारखान्याच्या अतिथिगृहात उतरून कारखान्याच्या जीपमधून कोप्यांवर गेलात तर तुम्ही कारखान्याची माणसं. मुकादमाबरोबर गेलात तर त्याचे पाहुणे. गावातली आशाताई किंवा त्याच टोळीतल्या कुणाची नातेवाईक बाई सोबत असेल तर बोलणं वेगळं होतं. बंजारा तांड्यांवरच्या बायकांशी गोरमाटी जाणणारी मुलाखतकर्ती हवी. छापील मराठीत विचारलेल्या प्रश्नाला त्या ‘हो’ म्हणतात आणि विषय संपतो.

संमतिपत्राबद्दल विशेष सांगायचं आहे. ज्या कुटुंबानं कोऱ्या स्टॅम्पपेपरवर अंगठा दिलेला आहे त्याच्यासमोर तुम्ही छापील कागद ठेवून ‘इथे सही करा’ म्हणता, तेव्हा काय होतं? एकतर ती घाबरते, नाहीतर हा एखाद्या योजनेचा फॉर्म आहे असं समजून लगेच अंगठा देते. दोन्ही संमत्या निकामी. तोंडी संमती घ्या, तिच्या विश्वासातल्या दुसऱ्या बाईच्या समोर घ्या, ती ध्वनिमुद्रित करा, आणि ‘यातून पैसे, घरकुल, पेन्शन काहीही मिळणार नाही’ हे वाक्य सुरुवातीलाच, स्पष्ट बोला. तुमचं नाव, संस्थेचं नाव आणि फोन नंबर लिहिलेला कागद तिच्याकडे ठेवा. सही तुमची असू द्या.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली, हा भ्रमही सोडा. टोळीत दहा-वीस कोयते. गाव, जात, वय, लेकरांची संख्या आणि कारखाना एका परिच्छेदात लिहिलंत की मुकादमाला ती कोण हे एका मिनिटात कळतं. तालुका लिहा आणि गाव गाळा. कारखाना लिहायचाच असेल तर वय आणि जात दुसऱ्या तक्त्यात जाऊ द्या. पाठमोरा फोटोही पुरेसा ओळखू येतो, लुगडं आणि कोपी ओळखीची असते.

गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांबद्दल थोडं सविस्तर, कारण सर्वांत जास्त लिहिलं जातं ते यावर आणि सर्वांत ढिलं लिहिलं जातं तेही यावरच. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या काळात बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे सुमारे १७ टक्के. हा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातल्या तीन टक्क्यांच्या आसपासच्या राष्ट्रीय प्रमाणाशेजारी ठेवला जातो आणि ‘पाचपटीहून जास्त’ असा मथळा होतो. पण राष्ट्रीय सर्वेक्षणातलं प्रमाण १५ ते ४९ वयाच्या सगळ्या स्त्रियांचं आहे. त्यात कॉलेजात जाणाऱ्या अविवाहित मुलीही येतात. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका जवळजवळ सगळ्या विवाहित. वयोगट आणि वैवाहिक स्थिती जुळवल्याशिवाय ही तुलना करू नका. जुळवल्यावरही फरक मोठाच उरेल अशी आमची खात्री आहे, आणि तो फरक न्यायालयात, विधिमंडळात टिकेल. पाचपटीचा मथळा पहिल्याच उलटतपासणीत पडतो, आणि त्याच्याबरोबर खरा प्रश्नही.

सर्वेक्षण कुठे केलं यावरही प्रमाण बदलतं. कोप्यांवर मोजलं तर शस्त्रक्रियेनंतर त्रास वाढून जिनं तोड सोडली ती सुटते. गावात मोजलं तर ती येते, पण मग ‘गेल्या पाच वर्षांत किती हंगाम गेलात’ हे विचारावंच लागतं. नुसतं ‘ऑपरेशन झालं का’ विचारलंत तर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रियाही ‘हो’मध्ये जमा होते. पिशवी काढली का, असं सरळ विचारा आणि जमलं तर डिस्चार्ज कार्ड पाहा. अंडाशयं काढली की ठेवली हे त्या कागदावरूनच कळतं, तिला ते कुणी सांगितलेलं नसतं. तिशी-पस्तिशीत अंडाशयं गेलेल्या बाईची हाडं, झोप, घाम, सांधे यांच्या तक्रारी वेगळ्या असतात, आणि त्यांचा पाठपुरावा कुणीच करत नाही. या विषयातलं सगळ्यात मोठं रिकामं शेत हे आहे. इथे काम करा.

कारणांबाबत दोन सोप्या कथा फिरतात. एक, मुकादम जबरदस्ती करतो. दुसरी, बायका खाडा टाळायला आपणहून काढून घेतात. प्रत्यक्षात साखळी लांब आहे: फडावर संडास नाही, धुवायला पाणी नाही, पाळीचे कपडे वाळवायला आडोसा नाही, अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, सरकारी दवाखाना कोपीपासून लांब आणि त्याची वेळ तोडीचीच, म्हणून दुखणं गावाकडे परतेपर्यंत अंगावर काढायचं, मग खासगी दवाखान्यात सोनोग्राफी, ‘पुढे कॅन्सर होईल’ ही भीती, आणि शस्त्रक्रिया. पैसे उचलीतून किंवा मुकादमाकडून, म्हणजे पुढचा हंगाम बांधला गेला. तुमच्या प्रश्नावलीनं यातली प्रत्येक कडी वेगळी विचारावी: पहिली तक्रार कधी, पहिला उपचार कधी आणि कोणता, शस्त्रक्रियेचा सल्ला कितव्या भेटीत, दुसरं मत घेतलं का, पैसे कुठून, आणि त्यानंतर किती दिवसांनी मोळी उचलली. २०१९ नंतर बीड जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. तेव्हा नुसत्या बीडच्या नोंदी पाहून प्रमाण घटलं असं जाहीर करण्याआधी अहिल्यानगर, सोलापूर, लातूर या बाजूंना जाणारे रस्तेही पाहा. नियमाला जिल्ह्याची हद्द असते, दुखण्याला नसते.

लैंगिक छळाबद्दल कोपीत विचारू नका. ताडपत्रीच्या भिंतीतून शब्द आरपार जातो. २०१३ च्या कायद्यात असंघटित क्षेत्र येतं आणि जिल्ह्याची स्थानिक समिती तक्रार घेऊ शकते, एवढी माहिती तुमच्या मुलाखतकर्तीकडे फोन नंबरांसह हवी. माहिती देण्याची तयारी नसेल तर तो प्रश्नच फॉर्ममधून काढा.

आता तुम्ही प्रबंधाच्या आरंभी ज्या राष्ट्रीय आकड्यांवर उभे राहता, त्यांकडे. २०११ च्या जनगणनेत माणसं मोजली गेली ९ ते २८ फेब्रुवारी या काळात. तोड तेव्हा ऐन भरात असते. घरयादी त्याआधीच्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये होते. तेव्हा कोप्या उभ्याच नसतात, त्यामुळे प्रगणकाच्या नकाशावर त्या येत नाहीत. गावाकडचं घर कुलूपबंद, फडावरची कोपी नकाशाबाहेर. २०२७ च्या जनगणनेची संदर्भ तारीख पुन्हा १ मार्चच आहे. तुमच्यापैकी ज्यांचा शब्द दिल्लीत किंवा मुंबईत ऐकला जातो त्यांनी कारखानानिहाय कोप्यांच्या जागांची यादी प्रगणकांना आधी मिळेल असं पाहावं. साखर कारखान्यांच्या गट कार्यालयांकडे ही यादी असते.

नमुना पाहणीत वेगळाच घोळ. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४ व्या फेरीत अल्पकालीन स्थलांतरित म्हणजे एक महिना ते सहा महिन्यांपेक्षा कमी काळ कामासाठी बाहेर राहिलेली व्यक्ती. हंगाम लांबला आणि टोळी सहा महिने राहिली की ती या व्याख्येतून बाहेर. आणि २०२०-२१ च्या श्रमबल पाहणीत स्थलांतरित स्त्रियांपैकी ८६.८ टक्क्यांच्या स्थलांतराचं कारण ‘विवाह’ असं नोंदलं गेलं. लग्न होऊन सासरी आली आणि महिन्याभरात कोयता होऊन साखर पट्ट्यात गेली, ती बाई या आकडेवारीत विवाहामुळे स्थलांतरित. तिची तोड कुठेच नाही. या सारण्या वापरायला हरकत नाही. त्यांच्याखाली ही ओळ लिहा.

लग्नाचा विषय निघालाच आहे. पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के आणि बीडमध्ये ४३.७ टक्के आहे. अज्ञान, परंपरा, मानसिकता असे शब्द लिहून यावर पडदा टाकू नका. अर्ध्या कोयत्याला अर्धी उचल. मुलाचं लग्न झालं की पूर्ण कोयता. मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली की तिला मागं ठेवायचं कुणाच्या भरवशावर, हा आईचा प्रश्न असतो. शासनानं ४१ तालुक्यांत मुलामुलींची मिळून ८२ संत भगवानबाबा वसतिगृहं जाहीर केली आहेत. त्यांतली मुलींची किती प्रत्यक्ष चालू, कुठल्या इमारतीत, गृहपाल बाई मुक्कामी राहते का, दिवाळीआधी प्रवेश पूर्ण होतात का, हे तपासून त्या-त्या तालुक्यातल्या मुलींच्या शाळागळतीशी जोडणारा अभ्यास कुणी केला तर त्याचा दुसऱ्या दिवशी उपयोग होईल.

समावेशनाबद्दल मात्र आमचा तुमच्याशी मतभेद आहे. या विषयातली बरीचशी चौकट सीमा ओलांडून कायमचं वसायला गेलेल्यांसाठी घडलेली आहे: भाषा शिकले का, शेजाऱ्यांशी संबंध आले का, आपलेपणा वाटतो का. ऊसतोड कामगाराला कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावात वसायचंच नसतं. तिला तिथे सहा महिने पाणी, संडास, दिवा, दवाखाना हवा असतो आणि मग घरी जायचं असतं. तेव्हा आपलेपणाची पंचबिंदू मोजपट्टी बाजूला ठेवून हे मोजा: कोपीपासून पिण्याच्या नळापर्यंत किती पावलं, नळ ग्रामपंचायतीचा की शेतकऱ्याच्या विहिरीचा, आणि तो बंद करण्याचा अधिकार कुणाचा. कोपीची जागा कुणाची, सखल आहे का. जवळच्या अंगणवाडीनं किती लेकरांना दाखल केलं आणि किती गरोदर बायकांना शिधा दिला. रेशनचा अंगठा कुठे लागतो: गावी राहिलेली सासू त्याच कार्डावर धान्य उचलत असेल तर कोपीवर किती उरतं. गावाहून आणलेली बाजरी-ज्वारीची पोती कुठल्या महिन्यात संपली. कुठल्या आठवड्यात रुग्णवाहिका बोलावली आणि ती कुठपर्यंत आली. हे सगळं फुटपट्टी, वही आणि तारखा घेऊन मोजता येतं.

कायद्याची हद्दही अशीच तपासा. १९७९ चा स्थलांतरित कामगार कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीडहून बेळगाव-बागलकोटला गेलेली टोळी त्यात बसे. बीडहून कोल्हापुरातल्या शिरोळला गेलेली टोळी बसत नसे. तोच मुकादम, तेच काम, तेवढीच लांब वाट. नंदुरबार-धुळ्याहून दक्षिण गुजरातच्या साखर पट्ट्यात जाणारे आदिवासी कोयते तर मराठवाड्यावर लिहिणाऱ्यांच्या नजरेतच येत नाहीत, कारण ते मराठीतल्या बातमीत येत नाहीत.

शेवटी अहवालाचं. इंग्रजीतला प्रबंध तीन वर्षांनी संकेतस्थळावर चढतो. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. २६ जानेवारीला गाव रिकामं. उपयोगाची आहे ती १५ ऑगस्टची, कारण त्यानंतरच उचलीची बोली रंगते. त्या आधी मोठ्या अक्षरांत एका पानाचा मराठी कागद गावात पोचला पाहिजे: मागच्या हंगामात तुम्ही पाहिलेल्या टोळ्यांमध्ये कोयत्यामागे सरासरी टन किती पडले, दर काय मिळाला, खर्ची किती, खाड्याचे किती कापले, हिशेब लेखी दिला का, बायकांचे तास किती भरले. माणसांची नावं नकोत, मुकादमांचीही नकोत. दसऱ्यानंतर तोच कागद आला तर वरातीमागून घोडं.

प्रश्नावलीचा कच्चा मसुदा जुलै संपायच्या आत आमच्याकडे पाठवलात तर गावातल्या चार-पाच जाणत्या बायकांसोबत बसून आम्ही तो ओळीनं ओळ तपासून देऊ. बायका त्यात भरपूर खोडाखोड करतात, तेवढी तयारी ठेवा. सप्टेंबरनंतर त्यांना फुरसत नसते.

आपले,
मराठवाड्यात ऊसतोड कामगार महिलांसोबत काम करणारे कार्यकर्ते